गारगोटीजवळची खरपुडी

त्या फॉर्मात अकरा रकाने होते. वनस्पतीचं नाव, कुळ, अधिवास, समुद्रसपाटीपासून उंची, मोजलेली संख्या, असं करत करत नवव्या रकान्याशी आलं की एकच शब्द छापलेला होता : धोके. त्या रकान्यात माझ्या अक्षरात एक वाक्य आहे. मूळ इंग्रजीत आहे, मराठीत सांगते. ‘स्थानिक मजूर व शेळ्या राखणारे लोक कंद खाण्यासाठी झाडे उकरतात, उकरायच्या झाडांजवळ खुणेचे दगड ठेवलेले आढळले, छायाचित्र जोडले आहे.’ व्याकरणाची एकही चूक नाही त्यात. कुलथे सरांनी वाचून ‘नेमकं लिहिलंस’ म्हणून शाबासकीही दिली होती.

मी प्रज्ञा. आमचं गाव तिसगावपासून दोन कोसांवर, घोडटेक नावाच्या उघड्याबोडक्या डोंगराच्या पायथ्याशी. चौऱ्याण्णव साली मी नगरच्या एका कॉलेजात तासांवर वनस्पतिशास्त्र शिकवत होते. नोकरी कायम व्हायची तर पीएच.डी. हवी होती, आणि पीएच.डी.साठी विषय हवा होता. कुलथे सर माझे मार्गदर्शक. भला माणूस. पोरांना घेऊन उन्हातान्हात हिंडायचे, स्वतःच्या डब्यातलं वाटून खायचे, आणि झाड मुळासकट नसेल तर त्या नमुन्याला नमुना म्हणायचे नाहीत.

एक दिवस त्यांनी जुन्या पुस्तकातलं एक रेखाचित्र माझ्यापुढे सरकवलं. बारीक वेल, समोरासमोर पानं, पानाच्या बगलेत उभं फूल. फूल म्हणजे खाली फुगीर, मध्ये नळी आणि वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटलेली, हुबेहूब कंदील. जमिनीत बटाट्याएवढा चपटा कंद.

“खरपुडीतलीच ही एक जात आहे,” सर म्हणाले. “आपल्या जिल्ह्यातली हिची शेवटची नोंद पन्नास वर्षांपूर्वीची. हिला मोकळा मुरमाड उतार लागतो, वर चढायला एखादं झुडूप लागतं. तसे उतार आता राहिलेत कुठे? सापडली तर तुझं काम झालंच म्हणून समज. कुठे पाहिलीस का कधी?”

“नाही सर,” मी म्हणाले. “शोधते.”

मी ती पाहिली होती. नुसती पाहिली नव्हती, खाल्ली होती. बाहत्तरच्या दुष्काळात मी तीन वर्षांची होते. आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायचे आणि मला आत्याच्या हवाली करायचे. आत्या म्हणजे गीताबाई, दादांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, ती माहेरी आली ती आमच्याच घरची झाली. तिच्या चार शेळ्या आणि मी, असा तिचा कळप. घोडटेकावर ती कंद उकरायची, नखानं साल काढायची आणि फोड माझ्या तोंडात घालायची. कच्चा खाल्ला तर पाणीदार, किंचित गोड, मागून थोडा तुरट. भाजला तर पिठूळ. त्या वर्षी मी जगले ती त्या फोडींवर, असं आई शेवटपर्यंत सांगायची.

पण हे सरांना सांगायचं कसं? उपाशी राहिलो हे सांगायला मला लाज वाटत नव्हती. चारचौघांत ते सांगण्यात एक प्रकारचा रुबाबच असतो, लोक गंभीर होऊन ऐकतात. डोंगरावरचं उकरून खाल्लं, हे सांगायची मात्र मला लाज वाटायची. दहाव्या वर्षी वसतिगृहात गेले तेव्हा डब्यात काय काय आणायचं नाही हे मी पोरींच्या तोंडांकडे बघून शिकले होते. ते शिक्षण पक्कं झालं होतं.

तर मी ‘शोध’ लावायला निघाले. भाद्रपद होता. तिसगावची एसटी घेतली, घराकडच्या फाट्यावर न उतरता पुढच्या थांब्यावर उतरले आणि डोंगराच्या मागच्या अंगानं वर चढले. घरी गेले असते तर आत्या बरोबर आली असती. तिनं मला बोट धरून एकेका झाडापाशी नेलं असतं, मग तो शोध माझा कसा राहिला असता?

पण बोट धरायची गरजच पडली नाही. तरवड आणि हेंकळाच्या झुडपांतून मी अर्धा तास हिंडले असेन आणि मला एक पांढरीशुभ्र गारगोटी दिसली. मुठीएवढी. मुरमात गारगोट्या असतातच, पण ही नीट बसवलेली होती, आणि तिच्या शेजारून खरपुडीचा वेल हेंकळावर चढला होता. दहा पावलांवर दुसरी गारगोटी, तिच्याजवळ दुसरा वेल. मग माझ्या लक्षात आलं. आत्या आणि वस्तीतल्या बाया दिवाळीनंतर, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी, कंद उकरायला येतात. तेव्हा वेल वाळून गेलेला असतो, म्हणून आत्ताच खूण करून ठेवली असणार. मला केवढा आनंद झाला! गारगोटी दिसली की झाड सापडलंच. पावसानं धुतलेल्या पांढऱ्या गारगोट्या लांबून चमकत होत्या, मला नुसतं एकीकडून दुसरीकडे जायचं होतं.

त्या दिवशी मी चौऱ्याहत्तर झाडं मोजली. साधारण निम्म्यांजवळ गारगोटी होती, निम्म्यांजवळ नव्हती. आणि गारगोटीजवळची नऊ झाडं मी उकरली. तीच का? कारण तीच सगळ्यांत भरदार होती, फुलं-शेंगा दोन्ही असलेली, नमुन्याला अगदी साजेशी. एक आमच्या कॉलेजच्या संग्रहाला, एक पुण्याला, एक कलकत्त्याला, काही अदलाबदलीला. प्रत्येक झाडाच्या देठाला जाड कागदाची चिठ्ठी दोऱ्यानं बांधायची. चिठ्ठीवर नंबर, तारीख, ठिकाण आणि गोळा करणाऱ्याचं नाव. पेन्सिलीनंच लिहायचं, शाई पाण्यानं पसरते, पेन्सिल वर्षानुवर्षं पुसत नाही. हे मी आजही विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगते.

संध्याकाळच्या गाडीनं मी नगरला परतले. घरी गेलेच नाही.

पुढच्या वर्षी सर स्वतः आले, एम.एस्सी.ची अठरा पोरं बरोबर घेऊन. सरांनी एक फूल उभं चिरून दाखवलं. आत एक इवलीशी माशी अडकलेली होती. नळीत खाली वळलेले केस असतात. माशी आत जाऊ शकते, बाहेर येऊ शकत नाही. दुसऱ्या दिवशी केस सुकतात, मग फूल तिला सोडतं, आणि अंगाला लागलेले पराग घेऊन ती पुढच्या कंदिलात शिरते. पोरं ‘वा’ म्हणाली. प्रत्येकाला स्वतःचा नमुना हवा होता. सरांनी ‘जपून, थोडीच घ्या’ असं बजावलं, आणि ती ‘थोडी’ चौदा भरली. पोरांना पटकन झाडं सापडावीत म्हणून गारगोटीची युक्ती मीच त्यांना सांगितली.

आम्ही उतरायला लागलो तेव्हा समोरच्या उतारावर शेळ्या दिसल्या. मागून आत्या चालली होती, डोक्यावर पदर, हातात काठी, काखेत पिशवी. तिनं आमच्याकडे बघितलं. हात कपाळाशी धरून बराच वेळ बघत राहिली. माझ्या अंगावर पँट आणि डोक्यावर टोपी होती, तरी तिनं मला चालीवरून ओळखलं असणार, तिनंच चालायला शिकवलं होतं.

“ती बाई काय करते गं वर?” सरांनी विचारलं. “कंद उकरतात का हे लोक?”

“असेल सर,” मी म्हणाले आणि बुटाची नाडी बांधायला खाली बसले. नाडी सुटलेली नव्हती.

शहाण्णव साली मी आणखी आठ झाडं काढली. त्या वर्षीच्या मोजणीत डोंगरावर अडतीस झाडं उरलेली होती. चौऱ्याहत्तर होती, अडतीस राहिली. छत्तीस गेली, त्यांतली एकतीस आमच्या वर्तमानपत्रांच्या घडीत दाबून वाळवलेली होती. ही वजाबाकी तिसरीतल्या पोराला जमेल. मी एम.एस्सी.ला पहिल्या वर्गात आले होते, मला ती जमली नाही. नमुने घेणं म्हणजे काम आणि उकरणं म्हणजे नासधूस, असे दोन वेगळे कप्पे माझ्या डोक्यात होते. एका कप्प्यातलं दुसऱ्यात जाऊ नये याची मी काळजी घेत होते, हे आता कळतं.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत पुण्याला बैठक झाली. दुर्मिळ झाडांना त्यांचा त्यांचा दर्जा ठरवून द्यायचा होता. कुठलं नष्ट होण्याच्या काठावर आहे, कुठलं असुरक्षित आहे, कुठलं अजून बरं आहे. माझ्या खरपुडीची पाळी आली, तो अकरा रकान्यांचा फॉर्म याच बैठकीसाठी भरलेला होता. मी नकाशा दाखवला, घसरत गेलेले आकडे दाखवले, गारगोटीचा फोटो दाखवला. सगळ्यांनी माना हलवल्या. दर्जा ठरला : असुरक्षित. मग एका वयस्कर बाईंनी सहज विचारलं, “हा कंद लागतो कसा चवीला? तुम्ही खाल्लाय कधी?”

“नाही हो,” मी हसून म्हणाले. “मला नाही माहीत.”

चहाला सगळे उठले. मीही उठले. तोंडात त्या तुरट चवीची आठवण आली होती आणि मी चहा प्यायले, जरा जास्तच साखर घालून.

त्या बैठकीच्या अहवालाची मराठी प्रत कुणाकडून तरी आमच्या गावच्या वनसमितीकडे पोचली. गावोगाव तेव्हा अशा समित्या निघत होत्या. आमच्या समितीचे अध्यक्ष श्रीमंतराव. त्यांचं पत्र आलं : ‘आपल्या गावची कन्या हिने गावचे नाव देशात नेले, सबब सत्कार योजिला आहे, तसेच घोडटेकावर फलक लावण्याचे ठरले आहे.’ माझ्या आयुष्यातला पहिला सत्कार, आणि तो आमच्या गावात. ज्या चावडीपुढून जाताना माझ्या आजोबांना पायातलं काढून हातात घ्यावं लागायचं, तिच्याच समोर मांडव पडणार होता. मला हुरळून जायला एवढं पुरेसं होतं. आणि मी जरा जास्तच हुरळले.

ऑगस्टातली सकाळ होती. मांडवात एका टेबलावर फलक उभा केला होता, निळ्यावर पांढरी अक्षरं. ‘दुर्मिळ वनस्पती. दर्जा : असुरक्षित. कंद उकरण्यास सक्त मनाई.’ खाली बारीक अक्षरात माझं ते धोक्याचं वाक्य, मराठीत. माझ्या अंगावर शाल आली, मांडीवर नारळ आला. बायांच्या रांगेत आत्या पुढेच बसली होती, ठेवणीतली पांढरी साडी नेसून. मी तिच्याकडे बघितलं, ती हसली. तिचे पुढचे दोन दात पडले होते, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे मी किती दिवसांत तिला नीट बघितलं नव्हतं!

श्रीमंतराव बोलायला उभे राहिले. माझं कौतुक झालं. मग त्यांचा आवाज बदलला.

“आता एक कडू गोष्ट. आपला राखनदार गोरक्ष, त्यानं परवा टेकावर एक बाई धरली. पिशवीत काय, तर ह्या गारगोट्या. मॅडमनी लिव्हलंय तसंच. उकरायच्या झाडाला खून करायला चालली हुती. बाई कोन, तर मॅडमची सख्खी आत्या हाय. पन म्या म्हनलं, कायदा समद्यास्नी सारखा. मॅडमलाबी पटंल. गीताबाई, उभ्या ऱ्हावा जरा.”

गोरक्षनं एक पिशवी आणून टेबलावर ओतली. गारगोट्या घरंगळल्या, दोन खाली पडल्या. आत्या उभी राहिली. मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. जमीन कुठली दुभंगते? मी नारळाची शेंडी धरून बसले.

“गारगोट्या माझ्याच हायत,” आत्या म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा होता, शेळ्यांना हाक मारतानाचा. “ठिवते बी मीच. आमची माय ठिवायची, तिच्या मागारी म्या ठिवते. पन उकरायला न्हाई वो. ज्याच्यापाशी गारगोटी, त्याला हात लावायचा न्हाई. ती बियाची. तिच्या शेंगा फुटूंद्या, म्हाताऱ्या उडूंद्या, माळावर पडूंद्या. बिगर गारगोटीचं हाय ते दिवाळीच्या मागनं काढायचं, त्यातबी देठाकडची कोर परत मातीत दाबायची. आमच्या वस्तीतली येक बाई गारगोटीच्या झाडाला शिवत न्हाई. बाहत्तर सालात सुदीक शिवली न्हाई. पोरं भुकंनं रडत हुती तवा न्हाई शिवली.”

कुणीतरी मागून म्हणालं, “व्हय, खरं हाय त्ये.”

“मग कमी कशी झाली झाडं?” श्रीमंतरावांनी विचारलं.

“त्येच सांगाया लागलीया. तीन वर्सं झाली, कोन तरी चोर हाय. निस्ती गारगोटीची झाडं काढतोय. समदी मुळासकट. खड्डा बी बुजवत न्हाई. म्या लई हुडकला. म्या गेल्या साली दुप्पट गारगोट्या ठिवल्या, म्हनलं खून दिसली तर सोडंल. तर आनिक आठ गेली.” तिनं कनवटीला हात घातला आणि दोऱ्याला लटकणारा एक कागदाचा तुकडा काढला. “हे त्या चोराचं हाय. खड्ड्यापाशी घावलं. इंग्रजी हाय. पोरी, तू शिकलियास, तू वाच.”

ती दोन पावलं पुढे आली आणि तिनं चिठ्ठी माझ्या हातात दिली.

चिठ्ठी जराशी चुरगळलेली होती, कडा पिवळ्या पडल्या होत्या. पेन्सिलीची अक्षरं मात्र काल लिहिल्यासारखी होती. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. मी वाचायला लागले.

“नंबर सदतीस. बारा सप्टेंबर पंच्याण्णव. घोडटेक, पूर्वेचा उतार.”

“नाव?” श्रीमंतराव म्हणाले. “नाव हाय का?”

माझं नाव खालच्या ओळीत होतं, ठसठशीत.

“पुसलंय,” मी म्हणाले.

आत्या माझ्याकडे बघत होती. तिनं हात पुढे केला, चिठ्ठी परत घेतली, कनवटीला लावली. “पुसलं आसंल,” ती म्हणाली. मग श्रीमंतरावांकडे वळली. “मंग चोर घावायचा न्हाई. आन माझ्यामुळं गावाला बट्टा नगं. आजपास्नं म्या टेकावर पाऊल ठिवनार न्हाई. ह्यो माझा शबूद.” ती परत जाऊन बायांत बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फलक टेकाच्या वाटेवर रोवायला सगळे गेले, मला मधोमध उभं करून फोटो काढला. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात मी हसते आहे.

दुपारी घरी आले. आत्यानं चूल पेटवून चहा टाकला. भिंतीवर माझा पदवीदान समारंभातला काळ्या झग्यातला फोटो होता, खाली छापील इंग्रजीत माझं नाव. आत्यानं कप माझ्यापुढे ठेवला आणि फडकं घेऊन ती फोटोची काच पुसायला लागली. पुसता पुसता खालच्या नावावरून तिचं बोट फिरलं.

“साक्षरतेच्या वर्गात मराठी शिकवलं आमाला,” ती म्हणाली, माझ्याकडे न बघता. “इंग्रजी न्हाई. इंग्रजीत मला येवढं येकच वळखू येतं. रोज पुसते न्हवं.”

ती काय म्हणाली ते मला कळलं होतं, पण ते अंगात उतरायला वेळ लागला.

“तुला ठाऊक होतं,” मी म्हणाले.

“दोन साल झालं.”

“मग मला वाचायला का दिलीस?”

“तू म्हनशील वाटलं. म्हनलं, आपनहून सांगितलंस तर चांगलं दिसंल. जागा करून दिली तुला.”

“मी नाही सांगितलं तर तू सांगायचंस! त्या सगळ्यांसमोर तुला उभं केलं, चोर ठरवलं, तू गप्प का बसलीस?”

आत्यानं फडकं खिळ्याला अडकवलं. “तुझ्या मांडीवर नारळ हुता,” ती म्हणाली.

मी रडले. रडण्यानं काय होतं? मी तिचे पाय धरले, तिनं धरू दिले नाहीत, ‘उगं ऱ्हा’ म्हणाली. मी म्हणाले, उद्याच्या उद्या श्रीमंतरावांकडे जाते आणि सगळं सांगते. ती शेळ्यांना पाला टाकायला उठून गेली.

उद्या मी गेले नाही. सकाळच्या गाडीनं नगरला आले, कारण दहाला माझा तास होता. मग प्रबंध द्यायचा होता. अठ्ठ्याण्णवमध्ये दिला. त्यात तेच वाक्य आहे, तोच फोटो आहे. वाक्य काढलं तर झाडं का कमी झाली याचं दुसरं उत्तर द्यावं लागलं असतं, आणि ते उत्तर माझ्याच नमुन्यांच्या यादीत नंबरवार लिहिलेलं होतं. मला पदवी मिळाली, नोकरी कायम झाली. कारणं सगळी खरी आहेत आणि सगळी भिकार आहेत. आत्याकडे मी जात राहिले, लुगडं नेलं, औषधं नेली. ती सगळं घ्यायची. टेकाचा विषय आम्ही दोघींनी काढला नाही.

नव्व्याण्णवच्या भाद्रपदात मी पुन्हा मोजायला वर गेले. एकही गारगोटी नव्हती. पावसात वाहून गेलेल्या, गवतात बुडालेल्या असतील, नवीन ठेवणारं कुणी नव्हतं. खड्डे मात्र जागोजागी होते. मनाई आहे म्हणून बाया आता चोरून जात होत्या, घाईनं, शेंग पिकायच्या आधी, दिसेल ते उपटत होत्या. कोर मातीत दाबायला थांबायचं कुणी? कुठलं राखायचं आणि कुठलं काढायचं हे सांगणारी बाई पायथ्याशी स्वतःच्या शब्दाला बांधलेली घरात बसली होती. मी दोन दिवस पूर्वेचा उतार, दक्षिणेचा उतार पालथा घातला. सात झाडं सापडली.

तशीच खाली उतरले आणि श्रीमंतरावांच्या ओट्यावर गेले. बूट चिखलानं भरलेले होते. मी सगळं सांगितलं. चिठ्ठी माझी होती. नाव पुसलेलं नव्हतं. एकतीस झाडं मी आणि माझ्या माणसांनी नेली. फलकावरचं वाक्य खोटं आहे, ते काढा, माझ्या आत्याची गावापुढे माफी मागा, मी पण मागते. दोन वर्षं घोकलेलं होतं, एका दमात म्हणून टाकलं. बोलताना कुठेतरी बरंही वाटत होतं, आता शिक्षा होईल म्हणून.

श्रीमंतरावांनी शांतपणे ऐकलं. मग ते हसले, अगदी मायेनं.

“मॅडम, तुमी कशाला येवढं मनाला लावून घेता? तुमी अभ्यासाला नेली. त्ये येगळं. चोरी का हाय ती? आन फलक आता सरकारी खर्चातनं लागलाय, त्यो काढायचा म्हंजी पुन्ना ठराव आला. ऱ्हाऊंद्या. बसा, चहा घ्या.”

मी चहा घेतला नाही. एवढंच काय ते माझं धाडस.

घरी आले. आत्या दारात तांदूळ निवडत होती. डोळ्यांनी आता कमी दिसत होतं, सूप अगदी तोंडाजवळ धरलं होतं. मी सांगितलं, जाऊन आले, सगळं सांगून आले.

“काय म्हनला?”

“म्हणाला, तुम्ही अभ्यासाला नेली, ते वेगळं.”

आत्यानं एक खडा उचलून अंगणात टाकला. “व्हय,” ती म्हणाली, “येगळंच हाय.” उरलेले तांदूळ तिनं निवडून संपवले. मग सूप खाली ठेवून आत गेली आणि ती पिशवी घेऊन आली. मांडवातल्या गारगोट्या तिनं त्या दिवशी एकेक वेचून परत आणल्या होत्या. मी मोजल्या, अकरा होत्या.

आम्ही दोघी टेकाच्या वाटेला लागलो. फलकापाशी आल्यावर ती थांबली. पांढरी अक्षरं उन्हानं उडाली होती, पण माझं वाक्य अजून वाचता येत होतं. ती त्याच्या पुढे गेली नाही. मी म्हणाले, आत्या, चल गं, आता कोण अडवतंय? ती म्हणाली, अडवायला कोन कशाला पायजे, शबूद दिलाय. आणि खालीच एका दगडावर बसली.

मी पिशवी घेऊन वर गेले. पहिल्या झाडापाशी उभी राहिले आणि मला कळेना. पीएच.डी. झालेली बाई मी, त्या झाडाच्या फुलातले केस मोजलेली, पण यातलं बियाला कुठलं राखायचं आणि कुठलं सोडायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवणारीला मी ओळख दिली नव्हती. मी कड्याच्या टोकाशी येऊन ओरडले, “आत्या! कुठल्याला ठेवू?”

तिनं हात कपाळाशी धरून वर बघितलं. मी तिला दिसत नसणार, आवाजाच्या दिशेनं बघत होती.

“समद्यांना ठिव,” तिनं खालून ओरडून सांगितलं. “आता काढाया येक बी ऱ्हायलं न्हाई.”

मी सातही झाडांजवळ एकेक गारगोटी बसवली, मुरूम उकरून, पक्की. उरलेल्या चार पिशवीत टाकून खाली घेऊन आले.